सेटअपच्या मेनूत कोण कितव्या नंबरला? (सात नंबरने केलेला घात)

सुरसागरकाठी · रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

बडोद्यात दांडिया बाजारच्या मागच्या गल्लीत आमचं एक लहानसं मराठी वाचनालय आहे. एका सभासदाने ऑफिस बदलताना दिलेले पाच जुने कंप्युटर तिथे आहेत. विंडोज त्यांच्यावर रांगायचं, म्हणून मी सगळ्यांवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं. दर मशीनवर त्याच त्या गोष्टी हाताने करायचा कंटाळा आला, तेव्हा बॅशमध्ये (लिनक्सच्या आज्ञांच्या भाषेत) एक स्क्रिप्ट लिहिली. चालवली की काळ्या खिडकीत मेनू येतो. नंबर टाइप करायचा, एंटर मारायचं, झालं.

मेनू असा होता: १ भाषा आणि कळफलक, २ तारीख-वेळ, ३ नेटवर्क, ४ प्रिंटर, ५ वापरकर्ते, ६ ग्रंथसूची बसवणे, ७ बॅकअप घेणे, ८ बॅकअप परत आणणे, ९ अपडेट, १० सगळं पुसून नव्याने, ० बाहेर. या क्रमामागे काही विचार होता असं नाही. मला जसजसं सुचत गेलं तसतसं खाली जोडत गेले.

दर शनिवारी संध्याकाळी वाचनालय बंद करताना काकू बॅकअप घेतात. त्यांच्या टेबलाशेजारी भिंतीवर त्यांच्याच अक्षरात कागद आहे: "७ दाबा. एंटर. परत एंटर. दिवा विझला की पंखा बंद."

गेल्या महिन्यात स्कॅनर आला. स्कॅनर प्रिंटरचा भाऊ, म्हणून मी तो ५ वर घुसवला. पुढचे सगळे एकेक घर खाली सरकले. शनिवारी काकूंनी ७ दाबलं, तिथे आता "ग्रंथसूची बसवणे" होतं. स्क्रिप्टने विचारलं, जुनी सूची आहे, तिच्यावर नवी लिहू का? आणि माझ्याच कृपेने नुसत्या एंटरचा अर्थ "हो" होता. काकूंनी कागदाप्रमाणे "परत एंटर" केलं.

आठवडाभराच्या ४३ पुस्तकांच्या नोंदी गेल्या. आधीच्या शनिवारचा बॅकअप होता म्हणून बाकीचं वाचलं. ४३ नोंदी मी आणि एका बेननी रजिस्टरवरून पुन्हा टाइप केल्या. काकूंना वाटतंय त्यांच्याकडून चूक झाली. चूक माझी आहे हे त्यांना पटत नाही, आणि त्यामुळे मला जास्तच अपराधी वाटतंय.

आता मेनू नीट लावायचा आहे. कामाच्या क्रमाने? जे जास्त लागतं ते वर? अकारविल्हे? धोक्याचं तळाला? तुम्ही काय करता?

---

शून्यापासून · रविवार, रात्री ११:०५

अकारविल्हे लाव आणि झोप. वाद संपला.

---

चौदाखडी · रविवार, रात्री ११:३२

@शून्यापासून, कोणत्या अकारविल्हे? कंप्युटरच्या की शाळेतल्या? युनिकोडमध्ये (कंप्युटरच्या अक्षर-कोडांच्या यादीत) ळ हा ल आणि व यांच्यामध्ये बसलाय. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो, मग क्ष, ज्ञ. नुसतं सॉर्ट मारलंस आणि लोकेल (मशीनची भाषेची सेटिंग) मराठी नसेल तर यादी कोडच्या क्रमाने येईल. लोकेल मराठी असेल तर शाळेच्या. म्हणजे पाच मशीनपैकी एकावर लोकेल लावायचं राहिलं तर त्याच मेनूचा क्रम तिथे वेगळा.

आणि आपण मराठी माणसं "नेटवर्क" शोधताना न कुठे येतो असा विचार करून डोळे फिरवतो का? मी तरी नाही. शब्दकोश उघडताना मला अजून मनात कखगघ म्हणावं लागतं.

दहा ओळींना वर्णक्रम लागत नाही. दोनशे देशांच्या यादीला लागतो.

---

टर्मिनलतात्या · सोमवार, सकाळी ६:१५

मुली, तुझ्या जन्माच्या आधी हा प्रश्न सुटलेला होता. बेसिक या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत ओळींना नंबर द्यायचो १०, २०, ३०. कारण ठाऊक असायचं की उद्या मध्ये काहीतरी घालावं लागणार. १५ घातला तरी २० जागेवर. आणि कोणी शहाण्याने गोटू (म्हणजे "अमुक ओळीवर जा") लिहिलेला असेल तर त्याचं घर उन्हात पडत नाही.

तुझ्या काकूंचा कागद म्हणजे गोटू ७० आहे. तू रीनंबर केलंस, पण भिंतीवरच्या ओळीला ते कळलं नाही. खऱ्या रीनंबरमध्ये गोटूचे आकडेही बदलून मिळायचे, भिंतीवर ती सोय नाही.

हल्लीचे लोकही हेच करतात. कॉन्फिगच्या (सेटिंगच्या) फोल्डरमध्ये फायलींची नावं १०, ५०, ९९ अशी सुरू होतात ती काय हौस म्हणून?

---

बाबाजीपुरा_बॉय · सोमवार, सकाळी ९:५०

तात्या +१. पण काकूंना मेनूत "७०" टाइप करायला लावणार?

सोपा उपाय: कागद बदला. भिंतीवरचा एक कागद बदलायला दोन मिनिटं लागतात, आणि इथे शास्त्रार्थ चाललाय.

---

सुरसागरकाठी · सोमवार, दुपारी १:२०

@बाबाजीपुरा_बॉय, मलाही आधी तेच वाटलं होतं. मग विचारलं तर कळलं की कागद तीन आहेत. एक भिंतीवर, एक काकूंच्या पर्समध्ये (त्या गावाला गेल्या की शेजारच्या ताई येतात, त्यांच्यासाठी), आणि एकाचा फोटो वाचनालयाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर. शिवाय काकू आता कागद बघतच नाहीत. बोटच ७ वर जातं. बोटाला कसला कागद चिकटवू?

---

मांडवीकर_ग्रंथपाल · सोमवार, संध्याकाळी ७:०५

मी निवृत्त ग्रंथपाल. कंप्युटरचं विशेष कळत नाही, पण हा प्रश्न मला आमच्याच खात्यातला वाटतोय.

ग्रंथालयात पुस्तकाला दोन नंबर असतात. एक दाखल क्रमांक, दुसरा वर्गांक. दाखल क्रमांक म्हणजे पुस्तक दारातून आत आलं तेव्हा रजिस्टरात मिळालेला. तो जन्मभर तोच. पुस्तक फाटलं, हरवलं, बाद केलं, तरी तो क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला देत नाहीत. रजिस्टरात त्या ओळीपुढे "बाद" लिहायचं आणि पुढे जायचं. वर्गांक मात्र विषयाचा. पुस्तक कोणत्या फळीवर, कोणाच्या शेजारी उभं राहील ते त्याने ठरतं. फळ्या हलवल्या, कपाटं बदलली, तरी दाखल क्रमांकाला धक्का नाही.

तुम्ही एकाच आकड्याकडून दोन्ही कामं करून घेताय. ७ हे बॅकअपचं नावही आहे आणि त्याची जागाही. जागा बदलली की नाव बदललं. घोळ तिथे आहे.

अवांतर: आपल्याच गावात १९१० साली सयाजीरावांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना ग्रंथालयांची घडी बसवायला बोलावलं. ते १९१३ पर्यंत होते. त्यांनी बडोद्यासाठी वर्गीकरणाची पद्धतही तयार केली. "काय कुठे ठेवायचं" यावर या गावात शंभर वर्षांपूर्वी पगारी माणूस नेमला होता, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत काचेच्या फरश्यांचे मजले ज्यांनी पाहिले नसतील त्यांनी जाऊन यावं.

---

चौदाखडी · सोमवार, संध्याकाळी ७:४०

ग्रंथपालकाका, दंडवत. धागा इथेच संपला खरं तर.

---

पाय_हलका · सोमवार, रात्री ९:१२

संपला नाही, मला एक गंमत सांगायची आहे. रास्पबेरी पाय या लहानशा कंप्युटरचं सेटअप करायला रास्पी-कॉन्फिग नावाचा मेनू येतो. त्यात १ सिस्टिम, २ डिस्प्ले, ३ इंटरफेस, ४ परफॉर्मन्स, ५ लोकलायझेशन, ६ अॅडव्हान्स्ड, आणि मग थेट ८ अपडेट, ९ माहिती. सात नाहीच! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं स्क्रीन कापली गेली.

मग जुन्या आवृत्तीचा फोटो सापडला. त्यात १ पासवर्ड, २ नेटवर्क, ३ बूट असं चालू होऊन ७ अॅडव्हान्स्ड, ८ अपडेट, ९ माहिती. मधलं सगळं घर पाडून बांधलं, पण अपडेट ८ वरच राहिलं. मुद्दाम केलं का ते बनवणाऱ्यांनाच ठाऊक, पण माझं बोट अजून ८ वर जातं आणि अपडेटच होतं.

दात पडलेला मेनू चालतो. कोणी मरत नाही.

---

रेघोट्या · मंगळवार, सकाळी ११:००

माझं कामच स्क्रीन आखायचं आहे, म्हणून जरा लांबण लावते.

१९८२ साली स्टुअर्ट कार्ड यांनी मेनूवर प्रयोग केले होते. तेच पर्याय एकदा वर्णक्रमाने, एकदा विषयवार, एकदा कसेही. नवख्यांना वर्णक्रमात सगळ्यात लवकर सापडलं, कसेही लावलेल्यात सगळ्यात उशिरा. पण सराव होत गेला तसा तिन्हींतला फरक मावळला. माणूस यादी वाचायचं सोडून देतो आणि जागा लक्षात ठेवतो. म्हणजे रोजच्या माणसाला कोणताही क्रम चालतो, फक्त तो काल होता तोच आज हवा.

"जे जास्त लागतं ते आपोआप वर" हा मोह टाळा. ऑफिस २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने कमी वापरलेले पर्याय लपवणारे मेनू आणले होते. लोक वैतागले, कारण काल दिसलेली वस्तू आज नाही. २००७ ला रिबन (वरची बटणांची पट्टी) आली तेव्हा ते प्रकरण मिटलं.

पण मला खरा प्रश्न वेगळाच दिसतोय. @सुरसागरकाठी, तुझा हा एक मेनू नाहीये. दोन वेगळ्या माणसांचे दोन मेनू एका कागदावर छापलेत. भाषा, वेळ, नेटवर्क, वापरकर्ते, सूची बसवणे हे तू मशीन लावताना एकदा करतेस. बॅकअप काकू दर आठवड्याला घेतात. जे एकदाच आणि ओळीने करायचं त्याला मेनू हवा कशाला? नवीन मशीन म्हटलं की स्क्रिप्टनेच एकामागून एक विचारत जावं.

---

बाबाजीपुरा_बॉय · मंगळवार, सकाळी ११:४५

आणि मधेच नेटवर्क लागलं नाही की? परत पहिल्यापासून "कृपया भाषा निवडा"?

---

डेबकाका · मंगळवार, दुपारी ३:३०

डेबियनचा इन्स्टॉलर नेमकं हेच करतो, आणि नेटवर्क न लागण्याचंही उत्तर त्याच्याकडे आहे. सगळं सुरळीत असेल तर तो ओळीने विचारत जातो, मेनू दिसतसुद्धा नाही. काही फसलं किंवा तुम्ही मागे गेलात की मुख्य मेनू पुढे येतो आणि कोणतीही पायरी निवडून पुढे जाता येतं. म्हणजे मेनू आहे, पण पडद्यामागे.

तात्यांच्या १०-२०-३० चा नातूही तिथेच राहतो. इन्स्टॉलरच्या प्रत्येक तुकड्याच्या कंट्रोल फाइलमध्ये मेनूतल्या जागेसाठी एक आकडा असतो, मध्ये भरपूर मोकळी जागा सोडून दिलेला. नवा तुकडा आला की मधला आकडा घ्यायचा. वापरणाऱ्याला तो दिसत नाही. ग्रंथपालकाकांच्या भाषेत तो वर्गांक.

दुसरं, किती विचारायचं हेही तिथे ठरवता येतं. डेबकॉन्फच्या (डेबियनमध्ये प्रश्न विचारणाऱ्या व्यवस्थेच्या) प्रश्नांना चार पायऱ्या आहेत: लो, मीडियम, हाय, क्रिटिकल. नेहमीच्या इन्स्टॉलमध्ये हाय आणि त्यावरचेच विचारले जातात, बाकीच्यांना ठरलेलं उत्तर. मेनूचा क्रम लावण्याआधी कोणते प्रश्न विचारायचेच नाहीत ते ठरव. तुझी तारीख-वेळ का विचारतेस? पाचही मशीन बडोद्यातच आहेत ना?

---

सुरसागरकाठी · मंगळवार, दुपारी ४:१०

😶 हो. पाचही बडोद्यातच आहेत. एकाच खोलीत.

---

पाय_हलका · मंगळवार, दुपारी ४:२५

हसून हसून पुरेवाट.

तारीख-वेळेवरून आठवलं. उबंटू २०.०४ (हेही लिनक्सच) वर टीझेडसिलेक्ट या वेळ-विभाग निवडायच्या मेनूत आशिया ४ नंबरला. त्याच मशीनवर टीझेडडेटाचं (वेळ-विभागांच्या माहितीचं) पॅकेज बसताना विचारतं तेव्हा आशिया ६. का? तर दुसऱ्या यादीत आर्क्टिक आहे आणि ऑस्ट्रेलिया त्याच्याही आधी बसलाय, वर्णक्रम मोडून. जुन्या टीझेडसिलेक्टमध्ये आर्क्टिक महासागर होता तेव्हा तिथेही आशिया ५ होता. कोणीतरी महासागर काढला आणि आख्खा खंड सरकला. माझ्या एका स्क्रिप्टमध्ये उत्तर म्हणून नुसता आकडा कोंबला होता. त्यानंतर नाव लिहायला शिकलो.

---

टर्मिनलतात्या · बुधवार, सकाळी ६:०५

आकड्यांचं एवढं चाललंय तर अक्षरं का नाही वापरत? डिस्कचे भाग पाडायचा एफडिस्क बघा. एन म्हणजे नवीन, डी म्हणजे डिलीट, पी म्हणजे प्रिंट. मध्ये काही घाला, काढा, अक्षर हलत नाही.

---

रेघोट्या · बुधवार, सकाळी ९:३०

तात्या, त्याच एफडिस्कमध्ये क्यू म्हणजे काही न बदलता बाहेर, आणि डब्ल्यू म्हणजे डिस्कवर लिहून टाक. कीबोर्डवर दोघे मांडीला मांडी लावून बसलेत. 🙂

---

टर्मिनलतात्या · बुधवार, सकाळी ९:३८

मान्य. एकदा माझाच हात गेलाय. कुठे ते सांगणार नाही.

---

चौदाखडी · बुधवार, सकाळी १०:१५

शिवाय बडोद्यात अक्षर कोणत्या भाषेचं? बॅकअपला काकूंचं ब, बेनचा બ, आणि कीबोर्डवर छापलेला बी. त्यापेक्षा आकडा बरा.

पण आकड्यातही मेख आहे. कळफलक मराठीवर राहिला असेल तर काही मांडण्यांमध्ये 7 ऐवजी ७ उमटतो. स्क्रिप्टला दोन्ही कळतात का? नसेल तर "चुकीचा पर्याय" असं म्हणून ती काकूंवर खेकसत असेल.

---

सुरसागरकाठी · बुधवार, दुपारी १२:५०

खेकसते. आत्ताच करून पाहिलं. म्हणजे काकू म्हणायच्या "कधीकधी सात घेत नाही तो", ते हेच होतं! मी त्यांना म्हणत होते की कळ नीट दाबा.

भाषेचा आणखी एक तिढा. आमच्याकडे येणाऱ्या दोन बेनना गुजराती मेनू हवाय. मग पहिला प्रश्न भाषेचा येणार. पण तो प्रश्न विचारायचा कोणत्या भाषेत? आणि वर कोण, मराठी की गुजराती? वाचनालय मराठी, गाव गुजरातचं. कार्यकारिणीत हा विषय निघाला तर चहा थंड होईल.

---

डेबकाका · बुधवार, दुपारी २:००

भाषेची यादी प्रत्येकाच्या आपापल्या लिपीत लिही, म्हणजे प्रश्न वाचावाच लागत नाही. "ગુજરાતી" दिसलं की बेनचं बोट तिथे जाईल.

आणि हे सगळं डेस्कटॉपवरच्या टर्मिनलच्या खिडकीत चालव, बूट झाल्यावरच्या नुसत्या काळ्या कन्सोलवर नको. लिनक्सच्या त्या कन्सोलच्या फाँटमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात आणि काना-मात्रा-जोडाक्षरं जुळवणं त्याला येत नाही. म्हणून तर डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये मराठी फक्त ग्राफिकल आवृत्तीत मिळते. चौकटीही काढू नकोस. देवनागरीची रुंदी मोजताना गडबड होते आणि उजवी रेघ आगगाडीसारखी वाकडी पळते.

---

बाबाजीपुरा_बॉय · बुधवार, दुपारी २:२०

वर कोण यावर मी नाणेफेक सुचवतो. हरणाऱ्याने सगळ्यांना सेव-उसळ.

---

मांडवीकर_ग्रंथपाल · बुधवार, संध्याकाळी ६:३०

भाषा दर वेळी का विचारायची? प्रत्येक सभासदाच्या कार्डावर जशी एकदाच नोंद होते, तशी वापरकर्त्यामागे एकदा नोंदवा. काकूंनी लॉगिन केलं की मराठी, बेननी केलं की गुजराती. यादीच दिसली नाही तर वर-खाली कोण, हा वादच उरत नाही.

---

सुरसागरकाठी · शुक्रवार, रात्री ११:५५

मंडळी, केलं. सांगते काय ठरवलं ते.

भिंतीवर, पर्समध्ये आणि फोटोत मिळून फक्त तीन आकडे होते: ४ प्रिंटर (अडकला की), ७ बॅकअप, ९ अपडेट. ते तीन दाखल क्रमांक म्हणून कायम. आता मेनू असा दिसतो:

१ नवीन मशीन लावायचं
२ लावलेल्या मशीनमधली एखादीच गोष्ट बदलायची
४ प्रिंटर
७ बॅकअप घ्या
९ अपडेट
० बाहेर

१ दाबलं की स्क्रिप्ट ओळीने विचारते: नेटवर्क, प्रिंटर, स्कॅनर, वापरकर्ते (भाषा त्यातच), सूची. कुठे अडकलं तर २ मधली यादी उघडते. तारीख-वेळ विचारत नाही. 🙈 आतला क्रम १०, २०, ३० ने ठेवलाय, तात्यांना वंदन.

७ सगळ्यात वर आणायचा मोह झाला होता, कारण तोच जास्त लागतो. पण ७, १, २, ४ अशी यादी बघून मलाच गरगरलं. मग आकडे चढत्या क्रमाने ठेवले आणि नुसतं एंटर मारलं तर ७ असं केलं.

बॅकअप परत आणणं २ च्या आत गेलं, तिथे आकडा नाही, "परत" असा शब्द टाइप करावा लागतो. सगळं पुसणं मेनूतून काढलंच. त्याची वेगळी स्क्रिप्ट आहे, ती मशीनचं पूर्ण नाव टाइप करायला लावते, गिटहब ही कोड ठेवायची साइट रिपॉझिटरी (कोडचा साठा) उडवताना लावते तसं. सूचीवर लिहू का, या प्रश्नाला आता नुसतं एंटर म्हणजे "नाही". ७ आणि 7 दोन्ही चालतात.

आणि कोणी जुना आकडा दाबला, समजा ८, तर खेकसत नाही. म्हणते: "८ वर आता काही नाही. बॅकअप परत आणायचा असेल तर २ मध्ये पाहा."

---

शून्यापासून · शनिवार, सकाळी ८:४०

एक शंका. नुसत्या एंटरला बॅकअप, कारण तो निरुपद्रवी, बरोबर? पण बॅकअप जुन्या फाइलवरच लिहीत असेल तर निरुपद्रवी नाही. सूची बिघडलेली असताना काकूंनी एंटर मारलं की चांगली प्रतही गेली.

---

सुरसागरकाठी · शनिवार, सकाळी ९:१५

"झोप" म्हणणाऱ्याने जागं केलं! जुन्यावरच लिहीत होता. आता फाइलच्या नावात तारीख-वेळ घातली आहे, शेवटच्या आठ प्रती राहतात.

---

रेघोट्या · शनिवार, सकाळी १०:३०

आज शनिवार. काकूंनी काय केलं ते लिही.

---

सुरसागरकाठी · शनिवार, रात्री ८:५०

मी मुद्दाम मागे उभी राहिले. काकूंनी मेनूकडे पाहिलंच नाही. ७, एंटर, परत एंटर, दिवा विझला, पंखा बंद. मग चष्मा लावून स्क्रीन वाचली आणि म्हणाल्या, "अगं, तीन, पाच, सहा, आठ कुठे गेले?" मी म्हटलं, बाद केले. त्या "बरं" म्हणाल्या, पेन काढलं आणि भिंतीवरच्या कागदावर खाली लिहिलं: "मधले नंबर बाद. शोधू नयेत."